पाण्याची खेप: वेढ्यातल्या सारायेव्होमधली घर चालवणारी मुले, १९९२–१९९५

बोस्नियाची राजधानी सारायेव्होला वेढा पडला ५ एप्रिल १९९२ ला. तो अधिकृतपणे उठला २९ फेब्रुवारी १९९६ ला, म्हणजे १,४२५ दिवसांनी. शहर लांबट दरीत वसलेले आहे. मधून मिल्याट्स्का नदी वाहते आणि दोन्ही अंगांना डोंगर उठतात. १९८४ मध्ये याच डोंगरांवर हिवाळी ऑलिम्पिक झाले होते, आठ वर्षांनी तिथेच बोस्नियन सर्ब सैन्याच्या उखळी तोफा आणि नेमबाज बसले. खाली दरीत तीन लाखांहून जास्त माणसे अडकली. त्यांतली लहान मुले काय करत होती, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर द्यायचे तर: पाणी भरत होती.

सरपण गोळा करणे, पावाच्या आणि मदतीच्या रांगेत उभे राहणे, धाकट्यांना सांभाळणे, आजारी आजी-आजोबांना तळघरात खाली-वर नेणे ही कामेही मुलांकडे होती. या लेखात मुद्दाम एकच काम घेतले आहे. पाण्याची खेप रोजची होती, तिला वजन होते, तिच्यात जिवाचा धोका होता आणि ती घराबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायची. युद्धात घराला हातभार लावणाऱ्या मुलांबद्दल जे जे म्हणता येईल, ते या एका खेपेत दिसते.

नळ का आटले

सारायेव्हो मुळात पाण्याने तहानलेले शहर नाही. त्याचे मुख्य पाणी इलिजा भागातल्या बाचेव्हो इथल्या विहिरींतून येई. वेढ्यात इलिजा दुसऱ्या बाजूच्या ताब्यात गेले. पाणी उपसायला पंप लागतात, पंपांना वीज लागते आणि विजेच्या तारा आघाडीच्या रेषेवरून येत होत्या. त्यामुळे विहिरीला धक्का न लावताही शहर कोरडे पाडता येत असे, तार तोडली की झाले. दुरुस्तीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना दोन्ही बाजूंची परवानगी मिळवावी लागे. ती मिळून तार जोडली जाईपर्यंत दुसरीकडे तुटलेली असायची.

मध्येच पाणी आले तरी दाब इतका कमी की वरच्या मजल्यांपर्यंत ते चढत नसे. आले तर रात्री-अपरात्री, तासभर. म्हणून घरोघर नळ उघडा ठेवून खाली भांडे लावलेले असे. नळीतून हवा सुटल्याचा फुसफुस आवाज आला की जो जागा असेल त्याने सगळ्यांना उठवायचे, आणि बादल्या, पातेली, न्हाणीचा टब, बरण्या, जे हाताला लागेल ते भरून घ्यायचे. झोपेत हा आवाज सर्वांत आधी कोण ऐकायचे? बहुतेक घरांत मुलेच.

बाकीच्या दिवशी पाणी आणायला जावे लागे. सगळ्यांना ठाऊक असलेली जागा म्हणजे बिस्ट्रिक भागातली सारायेव्हो ब्रुअरी. १८६४ पासूनच्या या बिअर कारखान्याचे स्वतःचे भूमिगत झरे आहेत आणि वेढाभर तिथले पाणी वाहत राहिले. दोब्रिन्यासारख्या टोकाच्या वसाहतींत ब्रुअरी गाठणे शक्यच नव्हते, तिथे हातपंपांवर भागवावे लागे.

एक घर धरून चालू

पुढचे घर नमुन्याचे आहे, कुणा एका कुटुंबाचे नाही. वेढ्यातल्या असंख्य घरांत जी मांडणी होती तीच घेतली आहे. नदीच्या उजव्या काठाला, शहराच्या मध्यभागी चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई, आजी, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी. वडील आघाडीवर, काही दिवस खंदकात आणि काही दिवस घरी. आईला नोकरीवर हजर राहणे सक्तीचे. ब्रुअरी दीड किलोमीटरवर, नदीच्या पलीकडे. लिफ्ट अर्थातच बंद.

आणीबाणीतल्या मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय मानक दरडोई रोज १५ लिटर पाणी मागते. चार माणसांचे झाले ६० लिटर, म्हणजे ६० किलो. हे आणणार कोण? म्हणून घर दरडोई पाच लिटरवर येते: रोज २० लिटर. त्यातले आठ-दहा लिटर पिण्याला आणि रांधायला. उरलेले पाणी तीन-चार वेळा वापरले जाते. तोंड धुतलेले पाणी परातीत धरायचे, त्यात भांड्यांचा पहिला हात, मग फडके बुचकळायचे आणि शेवटी ते संडासात ओतायचे. संडासाची बादली एका वेळी पाच-सहा लिटर खाते, म्हणून तिला चांगले पाणी कधीच मिळत नाही. नदीचे गढूळ पाणी, पन्हळीखाली धरलेले पावसाचे पाणी आणि हिवाळ्यात वितळवलेला बर्फ हे सगळे तिकडे जाते. ताजा भुसभुशीत बर्फ बादलीभर वितळवला तर तळाशी लिटरभर पाणी मिळते. वितळवायला सरपण लागते ते वेगळेच, म्हणून हा उपाय दिसतो तितका फुकटचा नाही.

आता २० किलोची वाटणी. आई बरोबर असेल तर तिच्याकडे दहा, मुलाकडे पाच लिटरचे दोन कॅन. तेरा वर्षांच्या, युद्धात वाळलेल्या मुलाचे वजन चाळीस किलो धरले तर दहा किलो म्हणजे त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा. (भारताच्या २०२० च्या दप्तर धोरणात शाळेच्या दप्तराची मर्यादा मुलाच्या वजनाच्या दहा टक्के आहे.) नऊ वर्षांच्या मुलीकडे वरकड म्हणून दोन लिटरच्या दोन बाटल्या. आई कामावर असेल तर मुलगा एकटा जातो आणि मग सगळा हिशेब बिघडतो. दोन खेपा करायच्या की एकाच खेपेत वीस किलो ओढायचे?

बाहेरून पाहणाऱ्याला दोन हलक्या खेपा बऱ्या वाटतील. पण वाटेत पूल आहे, आणि पुलावर डोंगरावरच्या नेमबाजाची नजर आहे. खेप वाढली की पूल ओलांडणेही वाढले. दुसरीकडे, रिकाम्या हाताने पळणारा मुलगा वीस मीटरचा उघडा पट्टा पाच सेकंदांत पार करतो, भरलेले कॅन घेऊन त्याला वीस सेकंद लागतात. हलकी खेप म्हणजे कमी वेळ पण जास्त फेऱ्या. जड खेप म्हणजे एकच फेरी पण रेंगाळत. याचे बरोबर उत्तर असे काही नाही. बहुतेक घरांनी मधला मार्ग काढला तो चाकांचा.

खेपेत काय काय बिघडते

लहान मुलांची बाबागाडी, बाजाराची दोन चाकांची पिशवी, फळीखाली बेअरिंग ठोकून केलेला गाडा, हिवाळ्यात घसरगाडी: सारायेव्होच्या रस्त्यांवर ही सगळी वाहने पाण्यासाठी फिरत होती. दगडी फरशीवरून बेअरिंगचा गाडा गेला की त्याचा खडखडाट गल्लीभर ऐकू येतो. प्रत्येकाची खोड वेगळी. बाबागाडीचा आस दहा-बारा किलोच्या बाळासाठी असतो, त्यावर चाळीस किलो लादले की तो आधी वाकतो आणि मग चाक निखळते, आणि नेमके उतारावर. बेअरिंगच्या गाड्याला ब्रेक नाही, त्यामुळे उतारावर मुलाने पुढे राहून ओढायचे नसते, मागे राहून दोरीने धरायचे असते. घसरगाडी बर्फावर उत्तम, पण रस्त्याचा बर्फ वितळून डांबर उघडे पडले की तिच्या लोखंडी पट्ट्या जागीच रुततात. उघडे डांबर असते मोठ्या रस्त्यावर, म्हणजे जिथे थांबणे सर्वांत धोक्याचे.

कॅनचेही तेच. अर्धवट भरलेला कॅन आत हिंदकळतो आणि मुलाचा तोल घालवतो, म्हणून भरायचा तर काठोकाठ. एका हातात दहा लिटरचा एक कॅन नेण्यापेक्षा दोन हातांत पाच-पाच लिटरचे दोन बरे, पाठीला पीळ पडत नाही. प्लास्टिकचा मूठदांडा बोटांत रुतून रक्त साकळते. त्यावर फडके गुंडाळायचे किंवा दांड्यातून लाकडाची कांडी घालायची. झाकण हरवणे हे फार मोठे संकट, कारण नवे झाकण मिळत नाही. प्लास्टिकची पिशवी तोंडावर ताणून रबराने बांधली तर घरी पोचेपर्यंत टिकते. रॉकेल-पेट्रोलचा किंवा रसायनांचा जुना कॅन पिण्याच्या पाण्याला कधीही घ्यायचा नाही. कितीही धुतला तरी वास जात नाही आणि जातो असे वाटले तरी ते खरे नसते. त्यावर खूण करून तो संडासासाठी ठेवायचा. खूण हवीच, कारण अंधारात, घाईत, थकलेले मूल हाताला येईल तो कॅन उचलते.

जिन्याची गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. चार मजले म्हणजे सत्तर-ऐंशी पायऱ्या, वीज नाही, खिडक्यांना काचा नाहीत. दीड किलोमीटर आणलेले पाणी इथे सांडते. हिवाळ्यात ते पायरीवर गोठते आणि मागून येणारी म्हातारी माणसे त्यावरून घसरतात. सांडलेल्या पायरीवर चुलीतली राख टाकायची हे काम धाकट्याकडे द्यावे. तेवढे त्याला जमते आणि ते खरोखर उपयोगाचे असते.

पाण्याच्या शुद्धतेबाबत मुलांच्या हातून दोन चुका ठरलेल्या. क्लोरिनची गोळी टाकल्याटाकल्या पाणी पिणे ही पहिली. अर्धा तास थांबावे लागते, आणि तहानलेल्या मुलाला अर्धा तास फार मोठा वाटतो. नदीच्या गढूळ पाण्यात गोळी टाकून ते शुद्ध झाले असे समजणे ही दुसरी. गाळ क्लोरिन खाऊन टाकतो. आधी कापडातून गाळून, निवळू देऊन मगच गोळी.

आणि मग रांग. कधी तास-दोन तास, कधी अर्धा दिवस. रांग जेवढी मोठी तेवढे ते डोंगरावरून दिसणारे मोठे लक्ष्य. १२ जुलै १९९३ ला दोब्रिन्यात पाण्याच्या पंपापाशी उभ्या असलेल्या माणसांवर उखळी तोफेचा गोळा पडला आणि दहाहून जास्त माणसे मेली. पुढे हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात वेढा घालणाऱ्या बोस्नियन सर्ब सैन्याचे सेनानी स्तानिस्लाव गालिच यांच्यावर चाललेल्या खटल्यात ही घटना तपासली गेली. गालिच यांना २००६ मध्ये अपिलात जन्मठेप झाली. म्हणजे पाण्याची रांग मारणे हा गुन्हा ठरला, पण रांगेत उभे राहणाऱ्याला त्या दिवशी त्याचा काय उपयोग?

शांत दिवस जास्त घातक ठरत, हे पालकांना फार उशिरा कळले. गोळाबार चालू असला की सगळे आत असतात. चार तास शांतता झाली की मुले बाहेर सुटतात. २२ जानेवारी १९९४ ला अलिपाशिनो पोल्ये भागात असाच शांत दिवस होता, बर्फ पडला होता, मुले घसरगाड्या घेऊन उतरली आणि गोळे पडून सहा मुले गेली. म्हणून खेपेची वेळ ठरवताना ‘आज शांत आहे’ हा निकष वापरायचा नाही. धुके, पाऊस, पहाट, तिन्हीसांज, ज्या वेळी डोंगरावरून दिसत नाही ती वेळ चांगली. वाट ठरवताना चौकाच्या कोणत्या बाजूला कंटेनर, जळक्या बस किंवा पडदे उभे केले आहेत ते मोठ्या माणसाने स्वतः पाहून यावे. मुलाने शोधून काढलेली नवी ‘जवळची’ वाट वापरायची नाही.

घरात आधीच बोलून ठेवायचा एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा होता. गोळा पडला की कॅन जागच्या जागी टाकायचा. हे सांगितले नसेल तर मूल कॅन टाकत नाही. तो कॅन घरातल्या तीनपैकी एक आहे, तो गेला तर उद्या काय, हे त्याला पक्के ठाऊक असते. काही मुले आडोशाला पोचून पुन्हा कॅनसाठी मागे फिरतात, आणि त्याच जागी दुसरा गोळा येतो. नुसते ‘सांभाळून जा’ म्हणण्याचा इथे काडीचा उपयोग नाही. ‘कॅन गेला तर गेला, मी ओरडणार नाही, तू ये’ हे स्पष्ट शब्दांत आणि रोज म्हणायला हवे. याच कारणासाठी गाड्याची दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, मुठीत धरायची.

मनाचे काय होते

१९९३ च्या उन्हाळ्यात युनिसेफने सारायेव्होतल्या १,५०५ मुलांची पाहणी केली. जवळपास गोळाबार अनुभवलेली मुले ९७ टक्के. ज्यांच्यावर नेमबाजाने गोळी झाडली होती अशी ५५ टक्के. ‘आता आपण मरणार’ असे वाटण्याचा प्रसंग आलेली ६६ टक्के. २९ टक्के मुलांनी दुःख असह्य झाल्याचे सांगितले, २० टक्के मुलांना भयंकर स्वप्ने पडत होती.

या आकड्यांतला फरक नीट पाहिला पाहिजे. जवळजवळ सगळ्यांनी गोळे अनुभवले, पण सगळी मुले मोडली नव्हती. याचा अर्थ ‘मुले चिवट असतात, सावरतात’ असा काढणे सोयीचे आहे आणि बरेच जण तो काढतात. मुलाच्या अंगात काहीतरी जन्मजात असते आणि ते संकटात आपोआप वर येते, ही समजूत मोठ्यांना फार आवडते, कारण त्यात मोठ्यांना काही करावे लागत नाही. प्रत्यक्षात तग धरणे बरेचसे मुलाभोवतीच्या मांडणीत असते, आणि खेपेचे उदाहरण घेतले की ती मांडणी हाताने चाचपता येते.

काम हे मुलासाठी निव्वळ ओझे होते असेही नाही. तळघरात बसून गोळे मोजणाऱ्या मुलापेक्षा पाणी आणणाऱ्या मुलाच्या हातात काहीतरी असते. दिवसाला सुरुवात आणि शेवट येतो. रांगेत दुसरी मुले भेटतात, बातम्या कळतात, गोळ्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. सारायेव्होची मुले हे तुकडे खरोखरच गोळा करत, कुणाचा मोठा, कुणाचा चकचकीत, यावर वाद घालत. घरी आल्यावर आजी कॅन हातातून घेते आणि त्या पाण्याचा चहा होतो. आपण आणलेले काहीतरी लगेच कामी येताना दिसणे ही आशेची सर्वांत साधी जात आहे. मोठ्या आशेबद्दल, म्हणजे युद्ध कधी संपेल वगैरे, मुलांशी फार बोलू नये. तारखा खोट्या ठरतात आणि मग बोलणाऱ्यावरचा विश्वास जातो.

हेच काम नासते केव्हा? सर्वांत आधी, मर्यादा संपते तेव्हा. दिवसाची एक खेप झाली, आता सुटलास, असे असेल तर मूल खेळायला उरते. पाणी कमी पडले की पुन्हा जा, शेजारच्या काकूंचेही आण, येताना लाकूड बघ, असे झाले की काम कधीच संपत नाही आणि न संपणाऱ्या कामात मूल सतत ताठलेले राहते. दुसरे, निर्णय मुलावर पडतात तेव्हा. आज जायचे की नाही हे मोठ्याने ठरवले पाहिजे. ‘तुला काय वाटते, जातोस का?’ हा प्रश्न प्रेमळ वाटतो, पण त्यात एखाद्या दिवशी काही वाईट झाले तर तो दोष मुलाच्या खात्यावर जमा होतो. बहीण त्याच्याबरोबर असताना जखमी झाली तर ‘मी हो म्हणालो म्हणून’ हे वाक्य आयुष्यभर जात नाही. तिसरे, घर त्याला कर्ता करते तेव्हा. ‘आता तूच घरातला पुरुष’ हे तेरा वर्षांच्या मुलाला ऐकायला आवडते. त्यानंतर तो रडत नाही, भूक लागली तरी सांगत नाही, आईला हुकूम करू लागतो, आणि वडील चार दिवस घरी आले की त्यांच्याशी खटके उडतात. कौतुक कामाचे करावे, ‘आज न सांडता आणलेस’ इतके नेमके. पदवी देऊ नये.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेडच्या बालगृहांत हेच पाहिले होते: बाँबपेक्षा आईपासून तुटणे लहान मुलांना जास्त खुपते. सारायेव्होतही ज्या घरात आई किंवा आजी संध्याकाळी मुलाला नीट न्याहाळू शकत होती, त्या घरात मुलाला खेप पेलली. आईच खचली की मूल आईला सांभाळू लागते. ते ओझे दहा किलोंच्या कॅनपेक्षा कितीतरी जड असते, आणि ते रस्त्यावर दिसत नाही.

घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्यांनी कशाकडे लक्ष ठेवावे, तर लहानसहान गोष्टींकडे. मूल पाणी पिताना मोजू लागले का. स्वतःचा पाव धाकटीला देऊन ‘मला नको’ म्हणते का. भरलेले कॅन रात्री उठून पुन्हा तपासते का. खेळात घेतले तर अस्वस्थ होते का, जणू वेळ वाया जातो आहे. आठवडाभर असे चालू राहिले तर समुपदेशनाच्या आधी खेप कमी करावी.

जिन्यातली शाळा

वेढ्यात शाळांच्या इमारती वापरता येत नव्हत्या, म्हणून वर्ग इमारतींच्या जिन्यांत, तळघरांत, रिकाम्या दुकानांत भरले. त्याच वस्तीत राहणारे शिक्षक त्याच वस्तीतल्या मुलांना शिकवत, म्हणजे मोठा रस्ता ओलांडायला नको. या शाळांचे शैक्षणिक मोल किती याबद्दल वाद घालता येईल. तास अपुरे, विषय अपुरे, पुस्तके जळणात गेलेली. पण खेपेला मर्यादा घालणारी दुसरी कुठलीच गोष्ट शहरात नव्हती. दहा वाजता वर्ग असेल तर मुलगा रांगेत दोन वाजेपर्यंत अडकून चालत नाही, आणि आईला त्याला बोलवायला कारण मिळते.

शाळा आणि रांग यांची टक्कर रोजची होती, आणि ती सोडवायची तर जिन्याच्या पातळीवरच. त्याची सोपी रीत अशी: एका जिन्यातल्या आठ-दहा घरांनी पाळी लावायची. ज्यांना चालता येते पण वजन उचलता येत नाही अशा वयस्कांनी पहाटे रांगेत जागा धरायची, ज्यांना वजन उचलता येते त्यांनी नंतर जायचे. वर्गाच्या वेळेत एकाही मुलाची पाळी नाही. एकट्या म्हाताऱ्यांचे पाणी जिन्याच्या सामाईक हिशेबात धरायचे, कुणा एका ‘चांगल्या’ मुलाच्या गळ्यात मारायचे नाही, कारण चांगल्या मुलाला नाही म्हणता येत नाही. पाळीचा कागद जिन्यात लावायचा. तोंडी पाळी तीन दिवसांत मोडते, भांडणे होतात आणि भांडणात शेवटी सर्वांत लहानाला पाठवले जाते.

मदत: कशाने खेप खरोखर कमी झाली

बाहेरून मदत आली. ३ जुलै १९९२ ते ९ जानेवारी १९९६ या काळात विमानांच्या सुमारे १३,००० फेऱ्यांतून १,६०,००० टन माल सारायेव्होत उतरला. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक दुवा: तिथे तैनात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षक दलाचे पहिले सेनापती होते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मार्च १९९२ ते मार्च १९९३. दलाचे मुख्यालय आधी सारायेव्होतच होते, लढाई पेटल्यावर ते हलवावे लागले.

पण पीठ, तेल आणि डबाबंद मांस विमानाने येते, पाणी विमानाने येत नाही. पाण्याच्या बाबतीत ज्या माणसाचे नाव घेतले पाहिजे तो टेक्ससचा मदतकार्य-अभियंता फ्रेड क्यूनी. त्याच्या चमूने जलशुद्धीकरणाची यंत्रणा मालवाहू विमानात मावेल अशा भागांत बनवून आणली आणि गोळ्यांपासून वाचावी म्हणून रस्त्याच्या एका जुन्या बोगद्यात बसवली. मिल्याट्स्काचे पाणी उपसायचे, शुद्ध करायचे आणि शहराच्या नळांत सोडायचे, अशी योजना. यंत्रणा तयार होऊनही पाणी पिण्यायोग्य आहे की नाही यावरून स्थानिक परवानगी बरेच महिने अडली. त्या महिन्यांत मुले रांगेत उभी होती. अखेर १९९४ मध्ये पाणी सुरू झाले. (क्यूनी १९९५ मध्ये चेचन्यात बेपत्ता झाला.) त्याच बरोबर वस्त्यांत हातपंप बसले.

ब्रुअरीऐवजी दोनशे मीटरवर हातपंप आला की आपल्या नमुन्याच्या घरात काय बदलते पाहा. पूल ओलांडणे शून्यावर येते. खेप हलकी करता येते, कारण आता दुसरी फेरी जिवावरची नाही. मुलाचा निम्मा दिवस मोकळा होतो. मुलगी पाण्याला जाणे बंद करू शकते. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी म्हणून त्या शहरात जे जे केले गेले त्यात पाइप, पंप आणि चाके यांची गणना कुणी करत नाही. करायला हवी. चित्रे काढायला लावणारे वर्ग वाईट नव्हते, पण जे मूल सकाळी पूल ओलांडून आले आहे आणि उद्या पुन्हा ओलांडणार आहे, त्याला दुपारी भीतीचे चित्र काढायला लावून फारसे काही साधत नाही.

हातपंप कुठे बसवायचा यातही चुका होतात. भूजल चांगले म्हणून उघड्या चौकात बसवला तर तिथे नवी रांग आणि नवे लक्ष्य तयार होते. इमारतीच्या डोंगराकडे पाठ असलेल्या बाजूला, अंगणात, जिथे रांग भिंतीआड वळवता येते अशा जागी थोडे कमी पाणी लागले तरी तीच जागा घ्यावी. पंपाचा दांडा नऊ वर्षांच्या मुलाच्या छातीच्या उंचीला असावा असे नाही. तो उंचच असू द्या, म्हणजे लहानांना पाठवता येणार नाही.

नळ परत आल्यावर

डिसेंबर १९९५ मध्ये शांतता करारावर सह्या झाल्या. पाणी आले, वीज आली, गोळे थांबले. आपला तेरा वर्षांचा मुलगा आता सोळा-सतरा वर्षांचा आहे. इथे एक अडचण उभी राहते, तिची तयारी बहुतेक घरांनी केलेली नसते. ज्या कामाने त्याला साडेतीन वर्षे घरात जागा दिली ते काम एका सकाळी संपते. वडील कायमचे घरी येतात, किंवा येतच नाहीत. शाळा त्याला पुन्हा लहान मुलांसारखे बाकावर बसवते आणि परवानगी घेऊन पाणी प्यायला लावते. चिडचीड, शाळा सोडणे, दिवसभर काहीच न करता पडून राहणे या गोष्टी युद्धात नसतात, नंतर सुरू होतात. आईबाप चक्रावतात: तेव्हा इतका शहाणा होता, आता काय झाले?

अशा मुलाला ‘आता तू फक्त अभ्यास कर’ म्हणू नये. घरातली एखादी खरी जबाबदारी, जिच्यात जीव जात नाही आणि जी त्याच्या वयाला शोभते, ती त्याच्याकडे राहू द्यावी: तुटलेल्या खिडक्यांचे माप घेणे, बिलांचा हिशेब, आजीच्या औषधांची पाळी. बुडालेल्या शाळेसाठी त्याला धाकट्यांच्या वर्गात न बसवता वेगळे, झटपट वर्ग लावावेत. त्याने केलेल्या कामाची नोंद घरात बोलून व्हावी, विशेषतः वडिलांच्या तोंडून. वडील आघाडीवर असताना मुलाने काय केले हे त्यांना पुष्कळदा धडपणे माहीतच नसते. बहिणीला विसरू नये. तिचे काम घरातले, म्हणून कुणाच्या नजरेत न आलेले. कोरड्या नळाखाली भांडे लावून रात्ररात्र कान देणारी, राख टाकणारी, आजीजवळ बसणारी तीच होती, आणि नंतरच्या कौतुकात तिचे नाव सहसा येत नाही.

जी मुले वाचली नाहीत त्यांचे स्मारक शहराच्या मोठ्या बागेत आहे. वेढ्यात सुमारे १,६०० मुले गेली असे शहर मानते. कारंज्याभोवतीच्या धातूच्या कड्यात पावलांचे ठसे उमटवले आहेत, ते मेलेल्या मुलांच्या भावंडांचे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या युद्धकालीन बालपणाच्या संग्रहालयात त्या पिढीने स्वतः दिलेल्या साध्यासुध्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीजवळ देणाऱ्याचे चार शब्द. अशी नोंद घरातही करता येते, ती करताना एकच पथ्य पाळावे: मुलाला ‘तू किती शूर होतास’ असे सांगून सुरुवात करू नये. कॅन किती लिटरचा होता, कोणत्या वाटेने जायचास, बरोबर कोण असायचे, हे विचारावे आणि पुढे त्याला सांगू द्यावे.